मिठाचा हात

लग्न होऊन सोलापूरला आले आणि माझ्या हातची पहिली आमटी ताटात पडली. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि मुकाट्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. सासूबाई कशाला गप्प बसतील? "का गं, तुमच्याकडं मीठ फुकट मिळतंय व्हय?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पंचगंगेच्या काठची. माहेरच्या गल्लीत कुणाकडं कार्य असलं की मोठ्या पातेल्यातल्या आमटीला मीठ घालायला मला हाक यायची. पोरगीचा हात मापाचा हाय, म्हणायच्या बायका. आणि इथं पहिल्याच घासाला माझी अब्रू गेली. तरातरा आत गेले, डाव चाटून बघितला आणि मलाच ठसका लागला. खरंच खारट होती. दुसऱ्या दिवशी निम्मं मीठ घातलं. तरी खारट. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझं मनगटच धरलं आणि बरणीतून दोन बोटांत मावेल एवढी चिमूट काढून दाखवली. "एवढंच. चार माणसांच्या आमटीला हे लई झालं."

आमच्यात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात, तसंच लिहिते. आत्या तोंडानं फटकळ असल्या तरी शिकवताना हातचं राखून ठेवत नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की हल्लीचं पुडीतलं मीठ कडक असतं. त्यांच्या टायमाला खडं मीठ होतं, मूठभर घातलं तरी भागत नव्हतं. पुडी आली आणि हात आपोआप कमी करावा लागला. माझ्या माहेरी तेव्हा खडंच मीठ वापरायचे, त्यामुळं मलाही ते पटलं. म्हटलं, चला, मीठ वेगळं तर हात वेगळा. महिन्याभरात मी त्या घराच्या मापात बसले.

पाणी? पाणी पहिल्या दिवशी मचूळ लागलं होतं की. तोंडात घेतल्यावर जिभेच्या कडेला काहीतरी राहायचं. पण आईनं निघताना सांगूनच ठेवलं होतं, परक्या गावचं पाणी आठ दिवस लागतं, मग लागत नाही. तसंच झालं. आठ दिवसांनी लागेनासं झालं आणि मी ते विसरून गेले.

आणि त्या पाण्याला नाव ठेवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. ते मामांचं पाणी होतं. मामा सांगोल्याकडचे. त्यांचं अख्खं बालपण टँकरच्या मागं पळण्यात गेलेलं. टँकरच्या पाइपाखाली कळशी लावायला गेले आणि गर्दीत हात मोडून घेतला, तो कोपरात शेवटपर्यंत वाकडाच राहिला. पुढं चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, हद्दवाढ भागात प्लॉट घेतला, तेव्हा घराची एक वीट रचायच्या आधी त्यांनी बोअर मारला. तळहातावर नारळ धरून पाणाड्या प्लॉटभर फिरला, नारळ जिथं उभा राहिला तिथं मशीन लावलं. पाणी वरच लागलं, आणि गोड लागलं. आत्या सांगतात, चिखलाचे शिंतोडे अंगावर घेत हा माणूस तिथंच बसून रडला. मग त्यांनी काय करावं? भिंतीतून एक पाइप बाहेर रस्त्यावर काढला. गल्लीत तेव्हा कुणाकडंच पाणी नव्हतं. सकाळी मोटर चालू झाली की आधी गल्लीच्या घागरी भरायच्या आणि मग घराची टाकी.

ते वरचं पाणी मी काही बघितलं नाही. मी येईपर्यंत बोअर एकदा खोल करून झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो आटला, शेजारी दुसरा मारला, तोही पुढं आणखी खाली न्यावा लागला. दर वेळी मशीन घरघरायचं, धूळ उडायची, अख्खी गल्ली जीव मुठीत धरून उभी राहायची. पाणी लागलं की पेढे. खालून आलेलं पाणी पहिल्यासारखंच आहे का, हे एकानंही विचारलं नाही. पाणी लागलं ना? झालं तर मग.

मधल्या काळात महापालिकेचा नळही आला. चार दिवसांनी यायचा, कधी पाच, कधी त्याहून जास्त. आता ऐका आमची अक्कल. नळाचं पाणी आम्ही धुण्याला वापरायचो, कारण त्यात साबणाला फेस यायचा. बोअरच्या पाण्यात कितीही चोळा, साबण नुसता दह्यासारखा फुटायचा. म्हणजे धरणाचं पाणी कपड्यांना आणि बोअरचं माणसांना. नळाचं टाकीत चार दिवस पडून शिळं होतं, आपलं कसं रोज ताजं, असं मामा म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो. गल्लीभर हीच रीत होती.

खुणा काय कमी होत्या? डाळ शिजत नव्हती. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दाणा दातात कचकचायचा. आत्या दुकानदाराचा उद्धार करायच्या, जुनी डाळ गळ्यात मारतो म्हणून. मी भर उन्हात जाऊन दुकान बदलून आले. कढीपत्त्याची पानं कडेनं करपायची, त्याला ऊन जबाबदार. सोलापूरचं ऊन काय, कशालाही जबाबदार धरा, ते काही उलटून बोलत नाही. बादल्यांच्या आतून पांढरी खरवड धरायची, ती मी दर आठवड्याला चिंच लावून घासायचे. घासता घासता मला ते बादलीचंच लक्षण वाटायला लागलं. जसं दूध उतू जातं, पोळीला फोड येतो, तशी बादलीला खरवड येते.

मग मामांचा बीपी निघाला. कारखान्यात तपासणी होती, तिथून चिठ्ठी देऊन पाठवलं. घरात कुणाला फार वाटलं नाही, कारण गल्लीत घरटी एकाला तरी गोळी चालू होतीच. शेजारच्या चाची, त्यांचे मालक ट्रकवर असतात, त्या भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "आमच्यात तर समद्यांनाच हाय की भाभी. पन्नाशी झाली की गोळी लागतीच." सात रस्ता चौकाजवळचे डॉक्टर मात्र गंभीर झाले. मीठ तोडा म्हणाले. लोणचं, पापड, फरसाण सगळं बंद.

आत्यांनी ते असं मनावर घेतलं की काय सांगू! घरातली लोणच्याची बरणी धाकट्या दिराकडं गेली. आमटीतली चिमूट अर्धी झाली. भाताच्या पाण्यातलं मीठ गेलं, भाकरीच्या पिठातलं गेलं. तरी जेवण काही बेचव लागायचं नाही. आत्या म्हणायच्या, "बघ, सवय केली की मिठावाचून काय अडतंय." आम्ही सगळेच स्वतःवर खूष होतो.

पण मामांचा बीपी उतरायचं नाव घेईना. एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, मग अंगातलं पाणी उतरायची गोळी आली. पायांवर सूज दिसायला लागली, मोजे काढले की पिंडरीला खोल वळ राहायचा. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मीठ खरंच बंद आहे का?" घरी आल्यावर आत्यांनी तोच प्रश्न विचारला, पण त्यांच्या पद्धतीनं.

शेंगांची चटणी हा मामांचा जीव की प्राण. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, कडक भाकरीबरोबर. ती घरात पोरांसाठी म्हणून अजून होत होती. आत्यांनी डबा उघडून बघितला आणि निकाल लावून टाकला. "तुमीच खाताय चोरून. म्हणून उतरत न्हाय ते."

"न्हाय खाल्ली," मामा म्हणाले.

"मग सूज कुटनं आली? हवेतनं?"

मामांनी जेवता जेवता भाकरीवर हात ठेवला. आमच्याकडं अन्नावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. "ह्या भाकरीची आण. बोट लावलं आसंल चटणीला तर बघ."

आत्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांनी डबा चाचींना देऊन टाकला आणि परसातलं उखळ उलटं घालून ठेवलं. त्यानंतर आमच्या घरात चटणी म्हणून कुटली गेली नाही. तरी संशय संपला नाही. मामा कोपऱ्यावर चहाला गेले तरी आत्या म्हणायच्या, गेले बघ खायला. नवराही बापाचे खिसे चाचपायला लागला. आलेल्या पाहुण्यांसमोर हसत हसत विषय निघायचा, म्हाताऱ्याची जीभ लई वाईट. मामा आधी चिडायचे, मग नुसते हसायचे, मग तेही बंद झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी घरात बसून बघितलं. मला तेव्हा कुठं माहीत होतं संन्यासी कोण आणि चोर कोण? मलाही वाटायचंच, खात असतील एखाद्या वेळी. माणूस आहे.

असं करत करत किडनीवर आलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मामा सुईकडं न बघता छताकडं बघत पडून राहायचे आणि घरी येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकायचे.

त्याच वर्षी भावजय बाळंत झाली म्हणून लेकीला घेऊन मी माहेरी गेले. आईला म्हटलं, तू बाळाकडं बघ, स्वयंपाक माझ्याकडं. आमटी केली, भात केला, वांगी केली. पहिल्या घासाला सगळ्यांचे हात थांबले. भाऊ म्हणाला, "ताई, सोलापुरात मिठाला रेशन हाय काय गं?"

"मीठ घालायला विसरलीस बघ," आई म्हणाली.

विसरले नव्हते. चिमूट घातली होती, रोजची. मी चव घेऊन बघितली. अळणी होती. नुसतं कोमट पाणी आणि डाळ. मला गंमत वाटली नाही. तेवढ्यात लेक पेला घेऊन आली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, इथल्या पाण्याला चवच नाही. मला आपल्या घरचं पाणी पाहिजे."

मी तिच्या हातातला पेला घेतला आणि प्याले. लहानपणी ओंजळीनं प्यायलेलं ते पाणी, पण माझ्या जिभेला काही लागलंच नाही. मग मी आईला विचारलं, मीठ कुठलं वापरता? तिनं पुडी पुढं केली. आमच्या सोलापूरच्या घरात असते तीच. खडं मीठ इथूनही कधीच गेलं होतं. मीठ तेच, डाळ तीच, चिमूट माझीच. मग वेगळं काय राहिलं? हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तिथंच चुलीपुढं बसले आणि मला रडू कोसळलं. आईला वाटलं, थट्टा केली म्हणून रडते.

सोलापूरला परत आले त्या दिवशी भात लावला, पिठलं केलं. मिठाच्या बरणीला हातसुद्धा लावला नाही. सगळे जेवले. नवऱ्यानं दोनदा भात घेतला. ताटं रिकामी झाल्यावर मी म्हटलं, "आज कशातच मीठ नव्हतं."

"काय बी बोलू नगं," आत्या म्हणाल्या.

"बरणी मी चाचींकडं ठेवून आलीय. जाऊन बघा."

आत्या खरंच गेल्या बघायला. परत आल्या आणि पातेल्यातला उरलेला भात बोटानं चाखत राहिल्या. वर्षानुवर्षं त्यांचा हात कमी कमी होत गेला होता आणि पाणी त्यांच्या मागून तेवढीच भर घालत आलं होतं. त्यांना ते कळायला काही मार्गच नव्हता, कारण चव कधी बदललीच नाही. मामा मात्र ताटावरून उठले नाहीत. हात वाळला तरी बसून होते.

बाटलीत पाणी भरून मी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ते तपासायला पाठवलं, कागद आला, तो वाचून विचारलं, "हे तुम्ही पिता?" मी म्हटलं, गल्लीच पिते. ते म्हणाले, "एवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही, आजाराला कारणं अनेक असतात. पण हे आजपासून बंद." मला भयंकर राग आला. कुणावर रागवायचं तेही कळेना. पाण्याच्या मोटरीवर रागवू? उन्हावर? आम्ही सगळे रोज त्याच टाकीशी उभं राहून पेले भरत होतो आणि म्हाताऱ्याचे खिसे तपासत होतो.

रविवारी सकाळी नवऱ्यानं मोटर वर काढायला माणूस बोलावला. गल्लीतही कुणी पिऊ नये म्हणून सांगून आला. त्यामुळं घागरी घेऊन बायका दारात जमल्या, चाचीही आल्या. मामा आदल्याच दिवशी डायलिसिसहून आले होते, ओसरीवर बाजेवर पडून होते. त्यांनी पोराला जवळ बोलावलं. मी चहा घेऊन उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"मी गल्लीला इख पाजलं व्हय रं?"

"तसं कोण म्हणतंय, अण्णा?"

"मग मोटर कशापायी काढताय? सोताच्या हातानं पाइप काढून दिलाय मी त्येंला. ल्हान पोरं हायत त्येंच्यात."

बाहेर पाना लावल्याचा आवाज आला. तेव्हा मामा कोपरावर जोर देऊन उठून बसले आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले. बऱ्याच दिवसांत त्यांचा तेवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"ये, मोटर काढू नगं! पाण्यानं काय झालेलं न्हाय. चटणी खात हुतो मी. चोरून. ह्यास्नी ठावं हाय."

मग कुणीतरी फस्सकन हसलं, आणि सगळ्या बायका हसल्या. "तरीच म्हटलं," चाची म्हणाल्या, "पाणी कशाला काय करंल? आमी रोज पितोय की." मोटरवाला पाना हातात धरून नवऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला आवडलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

मी ओरडले, लोकांसमोर, सासऱ्यांवर. "मामा, खोटं का बोलताय? कुठली चटणी? भाकरीवर हात ठेवून सांगितलंत ना?"

"तू गप बस पोरी," मामा म्हणाले. "मोडली आण. माझीच व्हती."

मोटर राहिली. मी घरात जारचं पाणी आणायला लागले, लेकीला रागावून तेच प्यायला लावलं, ती अजून नाक मुरडते. मामांनी ते जारचं पाणी कधी घेतलं नाही. डॉक्टरांनी दिवसाला मोजकंच प्यायला सांगितलं होतं, तेवढं ते बोअरचंच प्यायचे, सगळ्यांना दिसेल असं, बाहेर ओसरीवर बसून. त्या उन्हाळ्यात ते गेले.

दहाव्यापर्यंत माणसांची रीघ होती. येईल त्याला आत्या एकच सांगायच्या, "चटणीनं नेलं माझ्या माणसाला. किती लपवली, किती भांडले. जीभ आवरली न्हाय बघा." ऐकणारे हळहळायचे, कुणी हसायचंही, चटणीचे जुने किस्से निघायचे. मी आतून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेवटी एक दिवस ओसरी रिकामी झाल्यावर मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले.

"आत्या, का असं सांगताय? आपल्या घरात चटणी होती तरी का? उखळ तुम्हीच उलटं घातलंय ना? ते कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालत जाऊ शकत नव्हते. कुठून खाणार होते?"

"ठावं हाय मला," आत्या म्हणाल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच दिवशी कळलं मला. बिनमिठाचा भात खाल्ला त्याच दिवशी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "जल्मात अन्नाची खोटी आण घेतली न्हाय त्या माणसानं. ती मोडली त्यानं, समद्या गल्लीपुढं, त्या पाण्यापायी. आन आता मी उठून त्येला खोटं पाडू व्हय?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली, मोटर चालू करा की, घागरी लावल्यात. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भिंतीशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं.